पत्र्याखालचा आवाज

उधन्याहून जळगावकडे जाणारी गाडी नवापूरला थांबते तेव्हा तिचे काही डबे गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात उभे असतात. एकाच फलाटावर दोन राज्ये हा प्रकार भारतीय रेल्वेवर विरळाच, आणि सीमारेषेवरच्या त्या बाकावर बसून छायाचित्र काढून घेण्याची हौस प्रवाशांना असते. याच फलाटावरून आणखी एक रेषा जाते, ती मात्र कोणी रंगवून ठेवलेली नाही. दूरसंचाराच्या नकाशात गुजरात हे एक मंडळ आहे. महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. मुंबईचे मंडळ निराळे. एके काळी ही अदृश्य रेषा ओलांडली की खिशातला मोबाइल ‘रोमिंग’वर जाई आणि आपल्याला आलेल्या फोनचेही पैसे आपल्यालाच भरावे लागत. धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटासाठी सुरतेस गेलेला माणूस दिवाळीस गावी निघाला की नवापुरानंतर फोन वाजला तरी उचलण्यास कचरत असे. तो भुर्दंड आता इतिहासजमा झाला. परंतु त्या माणसाच्या फोनची अडचण संपली असे कोणी समजू नये. ती नवापूरच्या फलाटावरून उठून सुरतेत त्याच्या डोक्यावरच्या पत्र्यावर जाऊन बसली आहे.

मराठी वाचकाला सुरत म्हटले की शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या दोन स्वाऱ्या आठवतात. फार तर १९०७ साली तेथे उधळले गेलेले काँग्रेसचे अधिवेशन आठवते. आजची सुरत मराठी माणसाच्या इतिहासात नसून त्याच्या घरखर्चात आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत कानावर पडणारी अहिराणी ऐकून आपण तापीकाठच्या कोणत्या गावी आहोत, असा क्षणभर संभ्रम पडावा अशी स्थिती आहे. खानदेशातला शेतकऱ्याचा मुलगा तापीच्या प्रवाहाबरोबरच खाली सुरतेस येतो, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. तो लूमच्या खात्यात लागतो, रंगाई-छपाईच्या कारखान्यात लागतो, रिंग रोडवरच्या कापडबाजारात गाठोडी वाहतो. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला, उत्तर प्रदेशातला, बिहारमधला त्याचा सोबती शेजारच्या मागावर असतो. २०११ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या सुमारे ४४ लाख भरली आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या साडेसातशेच्या आसपास निघाली. या एका आकड्यात त्या शहराचे सगळे जीवन सामावले आहे. हजारो कमावते पुरुष येथे आणि त्यांची बायकामुले गावी, अशी ही वसती आहे. ज्याचे घर शंभर-दोनशे कोसांवर आहे त्याचा संसार फोनवरच चालतो. मुलाचा ताप, बहिणीचे स्थळ, विहिरीचे पाणी, सोसायटीचे कर्ज यांचे निर्णय पाळी सुटल्यावरच्या दहा मिनिटांत होतात.

या दहा मिनिटांचे मोल ज्यांनी १९९४ चा सप्टेंबर महिना पाहिला त्यांना सांगावे लागणार नाही. सुरतेत प्लेगची साथ पसरल्याची वार्ता फुटली आणि काही दिवसांत लक्षावधी लोकांनी शहर सोडले. रेल्वेगाड्या, ट्रक, मिळेल ते वाहन भरून माणसे गावाकडे धावली. गावी राहिलेल्यांना मात्र आपला माणूस निघाला की तिथेच अडकला, वाटेत आहे की रुग्णालयात, हे कळण्यास मार्ग नव्हता. ट्रंक कॉल आणि एस. टी. डी. बूथ यांचे ते दिवस. पण सुरतेत चाळीत राहणाऱ्याकडे टेलिफोन नव्हता आणि खेड्यात तर तो क्वचितच एखाद्या घरी असे. भारतातला पहिला मोबाइल कॉल त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ रोजी, ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांना केला. त्या वेळी मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर पडत आणि ऐकणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. येणारा कॉल विनामूल्य झाला तो २००३ साली. तेव्हापासून पुढच्या वीस वर्षांत मोबाइल गरिबाच्या खिशात पोहोचला, ही या देशातील थोड्याच सुखद गोष्टींपैकी एक होय. देशातील मोबाइल जोडण्यांची संख्या आज शंभर कोटींच्या पुढे आहे. तथापि जोडणी असणे आणि बोलणे होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

लूमचे खाते ज्यांनी आतून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करावे लागेल. बैठी, लांबोडकी इमारत, वर लोखंडी पत्रा, भिंतीला भिंत लागून पुढचे खाते, एकावर एक चढविलेले मजले. आत शेकडो माग एकाच वेळी धडधडत असतात. पाळी बारा तासांची. बिनतारी लहरींच्या दृष्टीने पाहिले तर ही लोखंडाची पेटीच आहे. पाऊस जसा पत्र्यावरून घरंगळून जातो तशा टॉवरहून आलेल्या लहरी धातूवर आपटून परत फिरतात. आत शिरतात त्या खिडक्या-दारांच्या फटींतून, आणि आत येईतो क्षीण झालेल्या असतात. लहरींचाही स्वभाव एकसारखा नसतो. कमी कंपनसंख्येच्या, म्हणजे ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या शिरतात. १८०० अथवा २३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, पण भिंतीशी झुंजण्यात कच्च्या. फाइव्ह-जीचा मोठा भार वाहणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी त्याहूनही नाजूक. वेगाच्या जाहिराती ज्या लहरींच्या जोरावर केल्या जातात त्याच घरात शिरण्यास सर्वात असमर्थ असाव्यात, हा निसर्गाचा नियम आहे. त्यात कंपन्यांचा दोष नाही. दोष आहे तो हे ग्राहकास न सांगण्याचा.

आता या पेटीत आवाज पोहोचविण्याचे जे नवे मार्ग निघाले आहेत त्यांकडे वळू. पहिला मार्ग ‘व्होल्टी’ या चमत्कारिक नावाने ओळखला जातो. फोनच्या पडद्यावर वरच्या बाजूस ही अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. त्यांचा अर्थ विचारण्याच्या फंदात फारसे कोणी पडत नाही. टू-जी आणि थ्री-जीच्या जमान्यात बोलणाऱ्या दोघांमध्ये कॉल संपेतो एक स्वतंत्र वाट राखून ठेवली जात असे, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर दोन तारा जोडून देई तशी. फोर-जी आले ते मुळात माहिती वाहण्यासाठी. त्यात अशी वाट नव्हती. त्यामुळे पहिल्या काळात फोर-जीवर असलेला फोन कॉल येताच धावत खाली उतरून थ्री-जी किंवा टू-जीचा हात धरी. या उतरण्यात वेळ जाई, आणि तेथे सिग्नल कच्चा असला तर कॉल जुळतच नसे. पडद्यावर सिग्नलच्या काड्या भरलेल्या असताना ‘आपण डायल केलेला क्रमांक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे’ हे ऐकावे लागे, त्याचे एक कारण हे होते.

व्होल्टीत आवाजाचीही बारीक पाकिटे करून ती फोर-जीवरूनच पाठविली जातात, आणि इतर मजकुराच्या गर्दीत या पाकिटांना अग्रहक्क दिला जातो. व्हॉट्सॲपवरच्या कॉलला असा अग्रहक्क नसतो. शेजारी कोणी चित्रपट उतरवून घेऊ लागला की तेथे आवाज तुटतो. हा फरक ध्यानात न घेता ‘व्हॉट्सॲप आहे की, मग हे कशाला?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. व्होल्टीचा दुसरा लाभ कानाला कळतो. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज नेत असे. व्होल्टी सुमारे ७००० हर्ट्‌झपर्यंतचा नेते. माणसाच्या बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ हे वर्ण वरच्या पट्ट्यात राहतात, म्हणून जुन्या फोनवर ‘साठ’ की ‘आठ’ याचा घोळ होई. धडधडत्या मागांच्या शेजारी उभा राहून गावाकडे किती रुपये पाठविले हे सांगणाऱ्याला हा फरक थोडा नव्हे.

आपल्या देशात हे तंत्र मोठ्या प्रमाणावर आले ते ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली तेव्हा. त्या कंपनीकडे टू-जी, थ्री-जी नव्हतेच. बोलायचे तर व्होल्टीवरच. पुढे २०१७ मध्ये एअरटेलने आणि २०१८ च्या आरंभी व्होडाफोनने ही सेवा आणली, आणि व्होडाफोनने ज्या मंडळांपासून प्रारंभ केला त्यांत गुजरात होते. सरकारी भारत संचार निगम मात्र मागे रेंगाळला. स्वदेशी बनावटीच्या यंत्रणेवर त्याचे फोर-जी देशाला अर्पण झाले ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी. उशीर झाला खरा. परंतु तेजस, सी-डॉट आणि टी. सी. एस. यांनी मिळून ही यंत्रणा येथेच घडविली, याबद्दल आम्हांस समाधान वाटते आणि ते लपविण्याचे कारण नाही.

परंतु व्होल्टीलाही फोर-जीचा सिग्नल लागतोच. तो पत्र्याच्या आत पोहोचला नाही तर सुस्पष्ट आवाजाचे कौतुक कोणी करावयाचे? येथे दुसरा मार्ग पुढे येतो. तो म्हणजे वायफाय कॉलिंग. तारेने आलेले ब्रॉडबँड ज्या पेटीतून घरात खेळविले जाते तिच्या आधाराने मोबाइलचा नेहमीचाच क्रमांक बोलू लागतो. फोन आणि कंपनीचे केंद्र यांच्यामध्ये इंटरनेटच्या आतून एक कुलूपबंद बोगदा खणला जातो आणि आवाज त्यातून जातो. टॉवरची गरजच राहत नाही. पलीकडच्या माणसाला याची वार्ताही नसते. त्याचा फोन जुना बटणांचा असला तरी चालतो. यासाठी वेगळे अॅप लागत नाही, एरवीच्या कॉलहून वेगळा दरही पडत नाही. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीत आरंभली, जिओने जानेवारी २०२० मध्ये देशभर दिली. आता भारत संचार निगमही या पंक्तीत येऊन बसला आहे. फोनच्या सेटिंगमध्ये, सिम कार्डच्या सदरात, ‘वायफाय कॉलिंग’ अशी एक कळ असते. ती सुरू करावयाची एवढेच. ज्यांच्या घरी ब्रॉडबँड आहे आणि तरीही जे फोन आला की गच्चीवर धाव घेतात, अशा आमच्या वाचकांनी आज हा लेख वाचून झाल्यावर ती कळ अवश्य शोधावी. बोलता बोलता घराबाहेर पडलात आणि बाहेर फोर-जी चांगले असेल तर कॉल न तुटता टॉवरवर जातो. बाहेरही अंधारच असेल तर तुटतो, हेही सांगितले पाहिजे.

आमच्या किनाऱ्यावर ही तक्रार अपरिचित नाही. जांभ्या दगडाच्या दीड-दीड हाताच्या भिंती, उतरत्या छपराखाली माडी, भोवती माड-पोफळींची दाटी, आणि मागे डोंगर. २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी, सांगे, काणकोणच्या अंतर्भागातल्या विद्यार्थ्यांना वर्गात ‘हजर’ होण्यासाठी टेकडी चढावी लागत होती, हे अद्याप कोणी विसरले नसेल. तेथे प्रश्न सृष्टीच्या ठेवणीचा होता. (टॉवर आमच्या वाड्यावर नको, पण रेंज मात्र हवी, असे ग्रामसभेत एका दमात सांगणारेही आमच्याकडे आहेत. भारताने २०१२ साली टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या एक दशांशावर आणली, आणि सिग्नल जितका क्षीण तितका आपल्या कानाला लावलेला फोन अधिक जोर लावून लहरी सोडतो, या दोन गोष्टी त्यांनी कधीतरी ताडून पाहाव्यात.) सुरतेत डोंगर नाही. टॉवरही हाकेच्या अंतरावर आहेत. तेथला अडथळा माणसाने उभारला आहे, आणि म्हणूनच तो दूर करण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारण्याचा अधिकार पोहोचतो.

आमचा मुख्य आक्षेप येथेच आहे. वायफाय कॉलिंगची जाहिरात ग्राहकावरील उपकार म्हणून केली जाते. वस्तुस्थिती अशी की या व्यवस्थेत टॉवरचे काम ग्राहकाच्या घरातील पेटी करते. त्या पेटीचे मूल्य ग्राहकाने दिले, तिची वीज त्याची, ब्रॉडबँडचे मासिक शुल्कही त्याचेच. आणि मोबाइलच्या रिचार्जचे पैसे पूर्वीइतकेच. म्हणजे कंपनीचे संपर्कक्षेत्र वाढविण्याचा खर्च ग्राहकाने उचलावयाचा. ज्याच्या घरी ब्रॉडबँड आहे त्याला हे जाचत नाही, कारण तो खर्च त्याने अन्य कारणाने केलेलाच असतो. पण डिंडोलीच्या एका खोलीत सात-आठ जण पाळीपाळीने झोपतात, त्यांच्या खोलीत ब्रॉडबँड कोठून येणार? ज्या माणसाला टॉवरचा सिग्नल सर्वांत कमी मिळतो त्याच्यापाशीच हा पर्यायी मार्गही नाही.

कायद्याने या माणसाला काय दिले, हेही पाहू. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘ट्राय’ या नियामक संस्थेने असा नियम केला की कॉल तुटल्यास कंपनीने ग्राहकास एक रुपया भरपाई द्यावी. दिवसाला अशा तीन कॉलपर्यंत. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला. प्रत्येक तुटलेल्या कॉलचा दोष कंपनीचाच आहे असे गृहीत धरणे अन्यायाचे होय, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. तर्क म्हणून तो नाकारता येत नाही. पण रुपया गेला तो गेलाच, आणि त्याच्या जागी ग्राहकाच्या हाती पडेल असे काही आले नाही. २०२४ च्या नव्या नियमांनी दंडाच्या रकमा वाढविल्या, एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद पडली तर सूट देण्याचे बंधन घातले, आणि प्रत्येक कंपनीने आपल्या संपर्कक्षेत्राचा नकाशा जाहीर केला पाहिजे असे ठरविले. नकाशा पाहावा तर सगळे सुरत शहर रंगाने भरलेले दिसते. हा रंग रस्त्यावरचा आहे. सेवेची परीक्षाही बव्हंशी शहरातून मोटार फिरवून घेतली जाते. बारा तास पत्र्याखाली उभा असणारा कामगार त्या मोटारीच्या वाटेवर कधी येतच नाही.

याच २०२४ साली ‘ट्राय’ने आणखी एक नियमावली काढली, इमारतींना त्यांच्या आतील संपर्कसुविधेनुसार तारांकित दर्जा देण्याची. कल्पना चांगली आहे. खजोद येथे डिसेंबर २०२३ मध्ये सुरत डायमंड बोर्सचे उद्‌घाटन झाले. सुमारे ६७ लाख चौरस फुटांची, नऊ मनोऱ्यांची ती वास्तू. अशा ठिकाणी बांधकामाच्या वेळीच प्रत्येक मजल्यावर लहान अँटेनांचे जाळे घालता येते, आणि दर्जाचा तारा मिळाला तर कार्यालयाचे भाडेही वाढते. हिऱ्याच्या बाजाराला तारा मिळेल. पांडेशऱ्याच्या खात्यासाठी असा तारा मागण्यास कोण जाणार?

मग खात्यांतले आणि बाजारातले लोक आपापले उपाय शोधतात. त्यांतला एक उपाय सर्रास दिसतो आणि तो घातक आहे. दुकानातून ‘बूस्टर’ नावाचे यंत्र आणून छपरावर बसविले जाते. परवान्याविना असे यंत्र लावणे बेकायदेशीर आहे, हे विकणारा सांगत नाही. हे यंत्र आपल्या दुकानात सिग्नल ओढून घेताना टॉवरच्या कानाशी इतका कोलाहल माजविते की त्या टॉवरवरील शेजारच्या शेकडो फोनांचे बोलणे बिघडते. दूरसंचार खात्याची पथके अशी यंत्रे काढून नेतात, काही दिवसांनी ती पुन्हा लागतात. वैध मार्ग बंद असला की अवैध मार्गावर वर्दळ वाढते, यात नवल ते काय.

वैध मार्ग मात्र हाताशी आहे, आणि तोही स्वस्त. सुरतेच्या अनेक खात्यांत आज ब्रॉडबँडची तार आलेलीच आहे. शेठच्या केबिनमध्ये कॅमेऱ्यांचा पडदा असतो. घरी बसून खात्यावर नजर ठेवता यावी म्हणून ती तार घेतलेली असते. कामगारावर पाळत ठेवणारी तार त्याचा आवाज घरी पोहोचवू शकते, आड येतो तो केवळ वायफायचा परवलीचा शब्द. शेठची हरकत आम्हांस ठाऊक आहे. हा शब्द सांगितला की मुले पाळीभर व्हिडिओ पाहत बसतील, माग बंद पडतील. ही भीती खोटी नाही. चालत्या मागाशी फोन कानाला लावणे तर जिवावरचे काम आहे आणि तेथे बंदीच हवी. पण कॉलला लागणारी इंटरनेटची धार अगदी बारीक असते. व्हिडिओला लागते त्याच्या मानाने नगण्यच. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवून त्याचा वेग मर्यादित करणे, किंबहुना कॉलच्या बोगद्यापुरतीच वाट मोकळी ठेवणे, हे कोणताही जाणता तंत्रज्ञ तासाभरात करून देतो. जेवणाच्या जागेपाशी आणि जिन्यापाशी एकेक पेटी लावली तरी काम भागते. पिण्याचे पाणी, पंखा आणि मोरी ज्या न्यायाने खात्याच्या मालकाने पुरवावयाची त्याच न्यायाने ही सोयही त्याने पुरवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. उत्तम लूममालकांना ते पटेल. इतरांसाठी औद्योगिक वसाहतींच्या संघांनी आणि महापालिकेने आग्रह धरावा. १९९४ च्या नामुष्कीनंतर दोन वर्षांत ज्या महापालिकेने आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत शहराची घाण उपसून देशापुढे कित्ता घातला, तिला हे अवघड वाटू नये.

खोल्यांचा प्रश्न राहतो. त्यासाठी केंद्र सरकारची पीएम-वाणी ही योजना डिसेंबर २०२० मध्येच मंजूर झाली आहे. चहाची टपरी, किराणा दुकान, पानाचा ठेला, कोणीही परवान्याच्या कटकटीवाचून आपल्या दारात सार्वजनिक वायफाय ठेवावे आणि पाच-दहा रुपयांत विकावे, अशी ती कल्पना. ती अपेक्षेइतकी फोफावली नाही, कारण अशा दुकानदाराकडून ब्रॉडबँड कंपन्या भरमसाट दर मागत. २०२५ साली ‘ट्राय’ने त्यावर लगाम घातला, घरगुती ग्राहकाच्या दराच्या दुपटीहून अधिक आकारू नये असे ठरले. लिंबायतच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारास आता हा धंदा परवडेल. एस. टी. डी. बूथने एके काळी हजारो अपंगांना आणि विधवांना रोजगार दिला होता. त्याच जागी, त्याच लाकडी खोक्यात, हे नवे बूथ बसू शकते.

अडेल ते फोनच्या यंत्रापाशी. वायफाय कॉलिंग चालण्यास फोनमध्ये तशी तजवीज असावी लागते आणि फोन बनविणारा व सेवा देणारी कंपनी यांचे सूत जुळलेले असावे लागते. महागड्या फोनांत हे सारे असते. स्वस्त फोनांत कधी असते, कधी नसते. कधी एका कंपनीच्या सिमवर चालते, दुसरीच्या चालत नाही. विकत घेताना दुकानदारास विचारले तर तो कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगतो. बटणांच्या साध्या फोनात तर हे बहुधा नसतेच. २०२३ मध्ये ९९९ रुपयांना व्होल्टीचा साधा फोन बाजारात आला, हे चांगले झाले. पण तो एकाच कंपनीच्या सिमशी जखडलेला. उद्या इतर कंपन्यांनीही टू-जी बंद केले, आणि तशी भाषा बोलली जात आहे, तर कोट्यवधी जुन्या फोनांचे काय होणार, याचे उत्तर आजच मिळाले पाहिजे. सरकारने मनात आणले तर काय होऊ शकते याचा दाखला आहे. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटकाळची कळ असलीच पाहिजे असा नियम झाला, आणि कंपन्यांनी मुकाट्याने ती बसविली. प्रत्येक फोनात व्होल्टी आणि प्रत्येक स्मार्टफोनात सर्व कंपन्यांच्या सिमवर चालणारे वायफाय कॉलिंग, असा नियम त्याच धर्तीवर करता येईल. त्यास ना संसदेचे अधिवेशन लागते, ना अर्थसंकल्पात तरतूद.

एवढे झाले तरी टॉवरची जबाबदारी सुटत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा प्रसंगी प्रथम वीज जाते. वीज गेली की घरातली वायफायची पेटी त्याच क्षणी मुकी होते. टॉवर आपल्या बॅटरीवर काही तास तरी तग धरतो, डिझेल पोहोचले तर दिवसही काढतो. म्हणून वायफाय कॉलिंग दाखवून जो कोणी कंपन्यांना नव्या टॉवरच्या, खात्यांच्या गल्ल्यांत लहान अँटेना बसविण्याच्या खर्चातून मोकळे करू पाहील त्याला विरोध केला पाहिजे. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या मार्गाधिकाराच्या नियमांनी विजेचे खांब, पथदिवे, सरकारी इमारती यांवर अशा लहान अँटेना लावणे पूर्वीहून सोपे केले आहे. उधना-पांडेसऱ्याच्या गल्ल्यांत विजेच्या खांबांची वाण नाही. परवानगी देणारी महापालिका, खांबांची मालक वीज कंपनी आणि अँटेना लावणाऱ्या दूरसंचार कंपन्या यांनी एकत्र बसून कोणत्या गल्लीत आधी, एवढे ठरवावयाचे आहे. त्या बैठकीत लूमच्या कामगारांचा एक प्रतिनिधी असावा. कोणत्या खात्यात कोणत्या मागापाशी, कोणत्या जिन्याच्या कितव्या पायरीवर फोन लागतो, हे आज फक्त त्यालाच ठाऊक आहे.